स्टेनलेस स्टीलची (एसएस) पाइपलाइन जोडापाशीच का गळते? या चुका टाळा

एसएसच्या लाइनला वर्षभरात गळती लागली की पहिला संशय मालावर: ‘304 ग्रेड सांगून स्वस्तातलं 202 गळ्यात मारलं.’ तसंही होतं, नाही असं नाही. पण मधला पाइप चकचकीत आणि गळती नेमकी वेल्डच्या शेजारी असेल, तर दुकानदाराशी भांडण्याआधी जोड कापून आतून बघा.

बहुतेक वेळा आत निळा-काळा पट्टा दिसतो. एसएसला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा. वेल्डिंग करताना पाइपात हवा राहिली तर तापलेल्या धातूतलं क्रोमियम त्या रंगीत थरात जातं, खालच्या धातूत ते कमी पडतं आणि तिथे पिटिंग, म्हणजे बारीक खोल खड्डे पाडणारा गंज, धरतं. म्हणून दोन्ही टोकं बुजवून आर्गन वायूने आतली हवा पूर्ण हाकला. जोड आतून चंदेरी, फार तर फिकट पिवळा निघायला हवा. आर्गन वाचवणारा फॅब्रिकेटर स्वस्त पडतो, फक्त पहिल्या वर्षी.

बाहेरचा रंग पिकलिंग पेस्टने (वेल्डचा डाग खाणाऱ्या ॲसिडच्या लेपाने) काढा. तिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, तेव्हा हातमोजे आणि फेसशील्डशिवाय डबाही उघडू नका. एमएसवर (साध्या लोखंडावर) वापरलेला वायर ब्रश किंवा ग्राइंडिंग व्हील एसएसला लावू नका. लोखंडाचे कण रुततात आणि गंजतात. संडास धुवायचं ॲसिड तर लांबच ठेवा, त्यात क्लोराइडच असतं.

मला सर्वांत जास्त चीड येते ती हायड्रोटेस्टची, म्हणजे लाइनमध्ये दाबाने पाणी भरून घेतलेल्या चाचणीची. बोअरचं पाणी भरलं, प्रेशर टिकलं, सह्या झाल्या, आणि प्लांट सुरू होईपर्यंत दोन महिने पाणी तसंच आत! साचलेल्या पाण्यात गाळ बसतो, जिवाणू वाढतात, क्लोराइड जोडाला चिकटून बसतं. टेस्टला 50 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 50 भाग) कमी क्लोराइडचं पाणी घ्या, टेस्ट होताच लाइन रिकामी करा, हवा मारून कोरडी करा. उतार नसलेल्या ठिकाणी पाणी सोडायला ड्रेन नसेल तर आधी तो बसवा.

माल घेतानाच 304एल घ्या, फिलर (वेल्डमध्ये वितळवायची तार) 308एल. कार्बन 0.03 टक्क्यांच्या आत असला की वेल्डच्या उष्णतेने क्रोमियम कार्बाइड होण्याची, म्हणजे क्रोमियम कार्बनमध्ये अडकून धातूत कमी पडण्याची, भीती फारशी उरत नाही.

गळकं भोक दिसलं म्हणून वरून वेल्डचा टाका मारू नका. पिटचं तोंड सुईएवढं, पोट मोठं असतं. शेजारून पुन्हा गळेल. तेवढा तुकडाच बदला. काढलेला तुकडा भंगारात टाकण्याआधी उभा चिरा: खड्डे फक्त तळाशी असतील तर बहुधा साचलेलं पाणी, निळ्या पट्ट्यावर गोल सगळीकडे असतील तर आर्गन.