अंग खाली येतंय? घरात, कामात आणि दवाखान्यात काय करायचं

सकाळी उठल्यावर फारसं काही जाणवत नाही. दुपारपर्यंत ओटीपोट जड होतं, आणि रात्रीची भांडी घासायला उभं राहिलं की खाली गोळा आल्यासारखं वाटतं, कंबर ओढते. अंग खाली येण्याचा, म्हणजे गर्भपिशवी किंवा शेजारचे अवयव योनीत उतरण्याचा त्रास असा दिवसभरात चढत जातो आणि आडवं झालं की उतरतो. म्हणून तपासणीला शक्यतो संध्याकाळची वेळ घ्या. सकाळी टेबलावर निजवून पाहिलं तर सरकलेला भाग जागेवर गेलेला असतो आणि ‘विशेष काही नाही’ म्हणून परत पाठवलं जाऊ शकतं. जोर लावायला सांगून, गरज पडल्यास उभं करून तपासा, असं स्वतःहून म्हणा.

तपासणीत एक गोष्ट नक्की विचारून घ्या: खाली नेमकं काय आलंय? योनीच्या पुढच्या भिंतीतून मूत्राशय उतरतं, मागच्या भिंतीतून गुदाशय पुढे येतं, मधून गर्भपिशवी सरकते. पिशवी आधीच काढलेली असेल तर योनीचा वरचा भागच खाली येतो. पुष्कळदा यातलं एकाहून अधिक असतं. पुढची भिंत असेल तर लघवी अर्धवट राहते, मागची असेल तर संडासला अडतं, आणि उपाय त्यावरूनच ठरतात. कितव्या पायरीचं आहे, म्हणजे किती खाली आलंय, तेही कागदावर लिहून घ्या. हा कर्करोग नाही. मात्र पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर ते ‘अंगामुळेच असेल’ असं मनाशी ठरवू नका, त्याची वेगळी तपासणी लागते.

आवळण्याचा व्यायाम

ओटीपोटातल्या अवयवांखाली माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची झोळी ताणलेली असते. बाळंतपणात ती सैल पडते. पाळी गेल्यावर ऊती पातळ होतात. त्यावर वर्षानुवर्षांचा खोकला, कुंथणं आणि जड उचलणं. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर या स्नायूंचा व्यायाम हाच पहिला उपाय. अंग पार बाहेर आलेलं असेल तर नुसत्या व्यायामाने ते आत जाणार नाही, हेही स्पष्ट माहीत असावं.

सुरुवात सकाळी, पाठीवर झोपून, गुडघे वाकवून करा. चारचौघांत वायू अडवताना जे आवळतो ते आवळा आणि योनी आतून वर ओढून घ्या. श्वास चालू ठेवा. पाच सेकंद धरा, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. असं दहा वेळा, त्यानंतर दहा वेळा झटपट आवळून सोडणं. दिवसातून तीनदा. जमू लागलं की बसून, मग उभं राहून करा, कारण खरा भार उभं असतानाच येतो. फरक पडायला तीन-चार महिने लागतात. पंधरा दिवसांत सोडून दिलं म्हणून ‘व्यायामाने काही होत नाही’ असं ठरत नाही.

बरोबर होतंय का हे पाहायला हातात आरसा धरा. योनी आणि गुदद्वार यांच्या मधली जागा आत-वर ओढली गेली पाहिजे. ती बाहेर फुगत असेल तर तुम्ही आवळण्याऐवजी खाली जोर लावताय, आणि त्याने त्रास वाढेल. तिथेच थांबा आणि या कामाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. आणखी दोन चुका नेहमीच्या: ढुंगण आणि मांड्या आवळणं, आणि श्वास कोंडून धरणं. लघवी मध्येच अडवून व्यायाम करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

हेच आवळणं खोकण्याच्या, शिंकण्याच्या, वाकून उचलण्याच्या क्षणभर आधी करायचं. शिंक येतेय असं वाटताच आवळा, शिंका, मग सोडा. ही सवय अंगवळणी पडली की दिवसातले कितीतरी धक्के वाचतात.

नागपूरचा उन्हाळा आणि घरातली ओझी

पारा ४५ च्या वर गेला की कूलरशिवाय घर चालत नाही, आणि कूलर भरायचं काम बहुतेक घरांत बाईकडेच येतं. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो, ती दिवसातून चार-पाचदा उचलून खिडकीपर्यंत न्यायची. हे बंद करा. नळापासून कूलरच्या टाकीपर्यंत पाइप टाका. नळ लांब असेल तर बादलीतून मगाने पाणी घाला, वेळ लागू द्या. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकामं सिलिंडरही जवळपास तेवढंच भरतं. ते उचलायचं तर नाहीच, ओढायचंही नाही. चाकाची ट्रॉली घ्या किंवा आणणाऱ्यालाच आत लावून द्यायला सांगा.

स्कूटीचं एक कुणी सांगत नाही. डबल स्टँडवर चढवताना पायाने दाबून हाताने वर ओढताना श्वास कोंडला जातो आणि सगळा जोर खाली येतो. साइड स्टँड लावा.

कुरडयांचा चीक घाटणं, ते पातेलं चुलीवरून उतरवणं, मग तासन्‌तास उकिडवं बसून वाळवण घालणं, हे तिन्ही जड. चीक थोडा थोडा शिजवा, पातेलं दोघींनी धरा, सोऱ्या टेबलावर ठेवून खुर्चीत बसा. उचलणं टळतच नसेल तेव्हा वस्तू पोटाशी धरा, गुडघ्यांतून वाका आणि उचलताना तोंडाने श्वास सोडा.

दुपारी वीस मिनिटं कंबरेखाली उशी घेऊन आडवं व्हा. बाहेर आलेला भाग तेव्हा हात धुऊन, बोटांनी अलगद आत सारता येतो. सतत बाहेर राहिला तर कापडाला घासून कोरडा पडतो आणि जखम होते. जखमेवर घरची हळद, मलम काही लावू नका, ती डॉक्टरांनाच दाखवा. ओटीपोटावर घट्ट फडकं किंवा पट्टा बांधू नका, पोट दाबलं की दाब खालीच जातो.

संडास आणि लघवी

कुंथणं हा या दुखण्याचा सगळ्यात मोठा शत्रू. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पपई, आणि हंगामात संत्र्याचा रस न काढता फोडी चोथ्यासकट. रात्री एक-दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट अडकून बसतो. लघवी लागेल म्हणून पाणी कमी पिणं ही फार बायकांची सवय. त्याने लघवी घट्ट होऊन जळजळते आणि मळ कडक होतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर ते धोक्याचंच.

कमोड असेल तर पायाखाली सहा-आठ इंचांचा पाट ठेवा, गुडघे कंबरेपेक्षा वर येऊ द्या, पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेका, पोट सैल सोडून श्वास बाहेर सोडत बसा. मागची भिंत पुढे येऊन मळ अडकत असेल तर स्वच्छ बोटाने योनीच्या मागच्या भिंतीला किंवा योनी-गुदद्वारामधल्या जागेला आधार द्या. यात लाजण्यासारखं काही नाही, डॉक्टरही हेच सुचवतात. लघवी झाल्यावर उभं राहा, कंबर हलवा, पुन्हा बसून थोडं पुढे झुका, उरलेली निघून जाते. लघवी अजिबातच होईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रिंग

ऑपरेशन नको असेल, किंवा वय, हृदयाचा आजार यामुळे जमत नसेल, तर सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी, हा चांगला मार्ग आहे. तिच्याबद्दल फार कमी सांगितलं जातं हे दुर्दैव. नागपुरातल्या मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानमधल्या एम्सच्या स्त्रीरोग विभागात गेलात की तिच्याबद्दल स्वतःहून विचारा. माप घेऊनच बसवायची असते. बसवल्यावर लगेच घरी निघू नका: चाला, खोका, उकिडवं बसा, लघवी करून पाहा. सरकली तर माप लहान पडलंय, टोचली किंवा लघवी अडली तर मोठं झालंय. नीट बसलेली रिंग आत आहे हे जाणवतसुद्धा नाही.

स्वतः काढता येत असेल तर आठवड्यातून एकदा रात्री बोट अडकवून काढा, साध्या साबणाने धुवा, सकाळी पाण्यात विरघळणारी जेली लावून अर्धचंद्रासारखी दुमडून आत सरकवा. काढता येत नसेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी दवाखान्यात जायलाच हवं. वर्षानुवर्षं विसरलेली रिंग भिंतीत रुतते. रक्त, घाण वासाचं पाणी किंवा दुखणं असेल तर तारखेची वाट पाहू नका. पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम चालेल का, तेही विचारा.

ऑपरेशन ठरवताना

‘पिशवी काढली की संपलं’ हे खरं नाही. पिशवी खाली येते कारण तिला धरणारे बंध सैल झालेत. ते बांधले नाहीत तर पिशवी गेल्यावर योनीचा वरचा भाग उतरू शकतो. म्हणून सर्जनला विचारा: वरचा भाग आतल्या कुठल्या आधाराला बांधणार? पिशवी ठेवून करता येईल का? तरुण बायकांसाठी पिशवी वर टांगायच्या पद्धती आपल्याकडच्याच शिरोडकर, पुरंदरे या डॉक्टरांच्या नावाने शिकवल्या जातात. आधारासाठी कृत्रिम जाळी घालणार असतील तर कोणत्या वाटेने, हेही विचारा. योनीतून घालायच्या जाळीची या दुखण्यासाठीची विक्री अमेरिकेने २०१९ मध्ये थांबवली.

नंतरचे सहा आठवडे जड उचलणं, कुंथणं, संबंध बंद. तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवा की या काळात पाणी कोण भरेल, कूलर कोण बघेल, आणि नातवंडाला कडेवर कोण घेईल.