लिनक्सवरचा जुना टेप ड्राइव्ह: तो बिघडला असं ठरवण्याआधी या चुका टाळा

पहिली चूक कमांड देण्याआधीच होते. कार्ट्रिजवरची राइट-प्रोटेक्टची खिट्टी न सरकवता जुनी टेप आत ढकलली जाते. टेपच्या सुरुवातीला चुकून थोडंसं जरी लिहिलं गेलं, तरी ड्राइव्ह तिथेच डेटा संपल्याची खूण करतो. पुढचं सगळं टेपवर शाबूत असतं, पण नेहमीच्या कमांडने तिथवर पोहोचता येत नाही. म्हणून आधी खिट्टी लावा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या ड्राइव्हमध्ये आधी बिनकामाची टेप फिरवून बघा, एकुलती एक बॅकअप टेप नको. क्यूआयसी (पाव इंची टेपच्या जुन्या कार्ट्रिजच्या) ड्राइव्हमध्ये रबरी रोलर वयानुसार चिकट होतो आणि आत गेलेल्या कार्ट्रिजची वाट लावतो.

ड्राइव्ह दिसतच नसेल तर 'एलएसएससीएसआय -जी' चालवा, जोडलेल्या उपकरणांची यादी येते. यादीत टेप आहे पण /डेव्ह/एनएसटी० (टेपचं डिव्हाइस) नाही, तर 'मॉडप्रोब एसटी' करून टेपचा ड्रायव्हर चढवा. यादीतच नसेल तर सॉफ्टवेअरशी झटापट नको, केबल बघा. समांतर स्कझीत (एकाच केबलवर साखळीने उपकरणं जोडायच्या जुन्या पद्धतीत) टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारा तुकडा) साखळीच्या दोन्ही टोकांना हवा, मधे कुठेही नको. प्रत्येक उपकरणाचा आयडी वेगळा हवा. ७ हा बहुधा संगणकातल्या स्कझी कार्डाचाच असतो. ड्राइव्ह आधी चालू करा, संगणक नंतर. आणि एचव्हीडी (जास्त व्होल्टेजचा) ड्राइव्ह एलव्हीडी (कमी व्होल्टेजच्या) कार्डाला जोडू नका: प्लग बसतो, पण कार्ड जळू शकतं.

सर्वांत जास्त लोक फसतात ते डिव्हाइसच्या नावात. एसटी० वापरलं की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला जाते; एनएसटी० वापरलं तर आहे तिथेच थांबते. टेप हलवणारी 'एमटी -एफ /डेव्ह/एसटी० एफएसएफ १' (एक फाइल पुढे जा) ही कमांड देऊन दुसरी फाइल वाचायला जावं, तर टार (बॅकअप लिहिणारा-वाचणारा प्रोग्राम) पहिलीच फाइल पुन्हा दाखवतो, कारण एमटी बाहेर पडताच टेप गुंडाळली गेली. नुसतं 'स्टेटस' विचारलं तरी हेच. लिहिताना तर दुसरा बॅकअप थेट पहिल्यावर चढतो. एसटी० हे नाव विसरलेलंच बरं. टेपवर भर घालायची असेल तर एनएसटी०वर आधी एमटीने 'ईओडी' (डेटा संपतो तिथे जा) द्या, मगच लिहा.

'कॅनॉट ॲलोकेट मेमरी' असा संदेश आला म्हणून रॅम वाढवू नका. टेपवरचा ब्लॉक (एका वेळी लिहिलेला डेटाचा तुकडा) तुमच्या बफरपेक्षा मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ. टार स्वतःहून १०२४० बाइटचे ब्लॉक धरतो. बॅकअप घेणाऱ्याने वेगळा आकार ठेवलेला असू शकतो. तो असा शोधा:

एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० रिवाइंड
एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० सेटबीएलके ०
डीडी आयएफ=/डेव्ह/एनएसटी० ओएफ=/डेव्ह/नल बीएस=२५६के काउंट=१

डीडीने ६५५३६ बाइट वाचले असं सांगितलं, तर ५१२ने भागून १२८ येतात, कारण टारची '-बी' ५१२ बाइटच्या पटीत मोजते. टारला '-बी १२८' द्या. त्याआधी पुन्हा रिवाइंड करा, कारण डीडीने एक ब्लॉक खाल्लेला असतो. एमटीला 'सेटबीएलके' कळत नसेल तर एमटी-एसटी पॅकेज टाका. काही क्यूआयसी ड्राइव्हना ० (बदलता ब्लॉक आकार) चालत नाही, तिथे ५१२ द्या.

एलटीओ या टेपच्या प्रकारात ड्राइव्ह आणि टेपची पिढी जुळली पाहिजे. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह स्वतःच्या आणि मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचतात. आठवा फक्त एकच पिढी मागे जातो. एलटीओ टेप चुंबकाने पुसू नका. कारखान्यात लिहिलेले सर्व्हो ट्रॅक (हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा) जातात आणि टेप कायमची बाद होते.

लिहिताना टेप सारखी थांबून मागे जात असेल, तर डिस्क तिला पुरेशा वेगाने डेटा देत नाहीये. टार आणि टेपच्या मधे एमबफर (डेटा आधी साठवून मग पुढे देणारा प्रोग्राम) लावा. या मागेपुढे होण्याने टेप आणि हेड दोन्ही झिजतात. क्लीनिंग कार्ट्रिजही ड्राइव्हने मागितल्यावरच वापरा, तीसुद्धा हेड घासतेच.

एवढं करूनही अडलं, तर 'डीमेसेज'मधली (कर्नलच्या संदेशांमधली) सेन्स की, म्हणजे ड्राइव्हने सांगितलेला बिघाडाचा प्रकार, वाचा. 'हार्डवेअर एरर' असेल तर ड्राइव्ह संशयित. 'मीडियम एरर' एकाच टेपवर येत असेल तर ती टेप खराब; सगळ्यांवर येत असेल तर एकदा क्लीनिंग करून बघा, आणि तरीही आलीच तर मग हेड गेलं.