दुरुस्ती झाली तरी जुन्या डिझेल गाडीचा आवाज जात नाही? या चुका टाळा

क्लच प्लेट नवी टाकली, प्रोपेलर शाफ्टचे (गेअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे वळणारे सांधे, बदलले, हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधला गेअरचा गोळा) उघडून बेअरिंगही टाकलं. तरी साठच्या पुढे गेलं की गाडी गुंगतेच. ‘आता काहून आवाज येते बाप्पा?’ असं विचारत माणूस परत मिस्त्रीकडे जातो आणि आणखी एक पार्ट बदलला जातो. विदर्भात जुन्या बोलेरो, सुमो आणि पिकअपवर कितीतरी घरांची शेती चालते. त्यांचा पैसा असा अंदाजावर जाताना पाहून खरंच वाईट वाटतं.

कान लावून जागा ठरवणं

मूळ चूक ही. चेसिस आणि बॉडीतून आवाज फिरतो. मागच्या चाकाचं बेअरिंग कित्येकदा हाउसिंगसारखंच घुमतं. म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो हे आधी पकडा. किती स्पीडला, कोणत्या गेअरला, ॲक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर, सरळ जाताना की वळताना. हे कागदावर लिहून मिस्त्रीला द्या.

रिकाम्या सरळ रस्त्यावर साठच्या स्पीडला गाडी न्यूट्रल करा. इंजिन मात्र बंद करू नका, ब्रेक जड होतात. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच बहुतेक सुटले; उरले शाफ्ट, हाउसिंग, बेअरिंग आणि टायर. मग थोडं डावीकडे-उजवीकडे झुलवा. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घुमणं वाढलं तर संशय उजव्या बेअरिंगवर. खात्रीसाठी चाक जॅकवर उचलून, खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावून हाताने फिरवा आणि दुसरा हात जवळच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर हाताला लागते.

टायर न तपासता हाउसिंग उघडणं

दातेरी झिजलेला टायर हुबेहूब हाउसिंगसारखा घुमतो. समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा, अमरावती-अकोला रस्ता डांबरी. दोन्हीकडे सारख्याच स्पीडने चालवून पाहा. रस्ता बदलताच आवाज बदलला तर तो टायरचा. क्राउन-पिनियनला, म्हणजे हाउसिंगमधल्या मोठ्या-लहान गेअरच्या जोडीला, रस्त्याशी देणंघेणं नसतं. पावसाळ्यात पांदणीने शेतावर जाऊन आलात तर रिमच्या आतली काळी माती आधी खरवडून काढा. ती वाळून एका बाजूला चिकटली की चाकाचा बॅलन्स जातो आणि थरथर शाफ्टची वाटते.

क्लचची परीक्षा न घेता गेअरबॉक्स उतरवणं

गाडी उभी, इंजिन चालू, गेअर न्यूट्रल. पेडल दाबल्यावरच आवाज आला तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर येतो आणि दाबताच थांबतो, तर गेअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा नुसती गेअरची खडखड. या खडखडीवर मला जरा जोर द्यायचा आहे, कारण इथे लोक फार फसतात. डिझेल इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना) झटके देतं आणि क्लच प्लेटमधल्या छोट्या स्प्रिंगा ते झटके गिळतात. नवी प्लेट दुसऱ्याच मॉडेलची असली, आयडल कमी ठेवलं असलं किंवा एखादा इंजेक्टर नीट मारत नसला, तर धडधाकट गेअरबॉक्स खडखडतो. आयडल किंचित वाढवून पाहा. खडखड थांबली तर गेअरबॉक्सला हात न लावता इंजेक्टर आणि प्लेट तपासा. फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन-गेअरबॉक्सखालचं, रबर बसलं असेल तरी आवाज सरळ केबिनमध्ये येतो.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत चौथा गेअर बहुधा डायरेक्ट असतो, म्हणजे ताकद लेशाफ्टवरून (गेअरबॉक्समधल्या खालच्या शाफ्टवरून) न फिरता सरळ जाते. बाकी गेअरला आवाज आणि चौथ्याला शांत, तर लेशाफ्टचं बेअरिंग बघा.

खूण न करता शाफ्ट उतरवणं

शाफ्ट खोलण्याआधी फ्लँजवर आणि सरकणाऱ्या जोडावर पंचने खूण करा. जोड एक-दोन दाते सरकून बसला की दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत राहत नाहीत आणि क्रॉस नवे असूनही गाडी थरथरते. क्रॉस बदलल्यावर आलेली थरथर बहुतेक वेळा इथलीच. गाडी जागेवरून निघताना ‘खट्ट’ होत असेल तर चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि शाफ्ट हाताने पिळून क्रॉसचा ढिलेपणा बघा.

जाड ऑइलने आवाज दाबणं

हाउसिंग घुमतं म्हणून 90 ऐवजी 140 नंबर ऑइल भरतात. आवाज थोडा बसतो, झीज चालूच राहते. हायपॉइड गेअरच्या (पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून सरकवून बसवलेल्या) हाउसिंगला जीएल-5 दर्जाचं ऑइल लागतं. तेच डोळे झाकून गेअरबॉक्समध्ये ओतू नका, काही गेअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गेअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्यांना) ते सोसत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच टाका. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदला आणि बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने मोजून घ्या. अंदाजाने बसवलेली नवी जोडीसुद्धा ॲक्सिलरेटरवर किंचाळते.

भरल्या नाल्यातून गाडी काढली असेल तर ऑइल नक्की बघा. गरम हाउसिंग पाण्यात एकदम थंड होतं आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या छिद्रातून) पाणी ओढतं. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणं चालतं. नखाला टोचणारे तुकडे निघाले तर गाडी तिथेच उभी करा आणि हाउसिंग उघडेपर्यंत सोयाबीनचं एक पोतंही तिच्यावर लादू नका.