क्वचित वापरल्या जाणाऱ्या गाडीचा विमा: कुठं कात्री लावायची आणि कुठं नाही

उभ्या गाडीच्या विम्यात पैसे वाचतात, पण सगळे नाही. पॉलिसीच्या एकाच कागदावर दोन वेगळे विमे छापलेले असतात. पहिला थर्ड पार्टी: आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचा जीव गेला, कुणी जखमी झालं, कुणाची भिंत पडली, तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १४६ प्रमाणे हा सक्तीचा आहे. दुसरा ओन डॅमेज: आपल्याच गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर. हा ऐच्छिक. कात्री लावायची ती या दुसऱ्या भागाला, आणि तीही हिशेब करून.

गाडी हलतच नाही, मग थर्ड पार्टी कशाला?

कायदा सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्याबद्दल बोलतो. त्यामुळं बंगल्याच्या कुलूपबंद गॅरेजमध्ये चाकं काढून ठेवलेली गाडी यातून सुटते, असा युक्तिवाद करता येईल. सोसायटीच्या पार्किंगमधल्या किंवा गल्लीत कव्हर घालून लावलेल्या गाडीसाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नये. वापर म्हणजे चालवणं एवढाच अर्थ न्यायालयं घेत नाहीत. १९८७ साली सातारा जिल्ह्यात कवठ्याजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटला. काही तासांनी, सांडलेलं पेट्रोल गोळा करायला लोक जमले असताना त्याचा स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. टँकर त्या वेळी नुसता पडून होता, तरी तो ‘वापरात’च होता, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये ठरवलं.

विमा नसताना गाडी रस्त्यावर सापडली तर कलम १९६ प्रमाणे पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडली तर ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. पण दंड ही यातली किरकोळ बाब. दसऱ्याला गाडी धुवायला म्हणून भाच्यानं बाहेर काढली आणि कुणाला धडक बसली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती मालकाच्या खिशातून जाते. मृत्यूच्या दाव्यात ती लाखांत असते आणि तिला वरची मर्यादा नाही.

याच्यासमोर थर्ड पार्टीचा वर्षाचा दर ठेवून बघा. तो सरकार ठरवतं, त्यामुळं कंपनी बदलून कमी होत नाही. १ जून २०२२ पासूनचा खासगी मोटारीचा दर: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्याच्या वर ७,८९७. वर १८ टक्के जीएसटी. नूतनीकरणाच्या वेळी चालू दर कोटेशनवर पाहून घ्या. १ सप्टेंबर २०१८ नंतर विकलेल्या नव्या गाडीला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. गाडी अजून त्या मुदतीत असेल तर निर्णय फक्त ओन डॅमेजचा उरतो.

ओन डॅमेज काढण्याआधीचा हिशेब

इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. १२०० सीसीची सहा वर्षांची हॅचबॅक घेऊ. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम ७,००० रुपये, पाच वर्षं क्लेम नाही म्हणून ५० टक्के नो क्लेम बोनस, उरले ३,५००. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवा, जीएसटी लावा: ८,१६१ रुपये. नुसती थर्ड पार्टी ठेवली तर ४,०३१. वर्षाला ४,१३० रुपये वाचले.

आता दुसरी बाजू. नो क्लेम बोनस फक्त ओन डॅमेजवर मिळतो, आणि ओन डॅमेजची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर तो शून्यावर येतो. नुसती थर्ड पार्टी चालू असली तरी तो वाचत नाही. पुढच्या वर्षी पूर्ण विमा घ्यायला गेलात की बोनसची शिडी पायथ्यापासून: पहिल्या वर्षी काहीच नाही, मग २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या वर्षी परत ५० टक्के. वरच्याच गाडीला या वाटेत ३,५००, २,१००, १,७५०, १,०५० आणि ३५० रुपये जादा जातात. बेरीज ८,७५०, जीएसटीसह १०,३२५. दरवर्षी गाडीची किंमत उतरते म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल, पण कल तोच राहतो.

म्हणजे ५० टक्के बोनस असलेली गाडी वर्ष-दोन वर्षंच उभी राहणार असेल, तर ओन डॅमेज काढणं तोट्याचं. साधारण अडीच वर्षांच्या पुढं ते फायद्यात येतं. बोनस २० टक्केच असेल तर गणित बरंच लवकर फिरतं. आणि गाडी इतकी जुनी असेल की तिच्यावर पुन्हा कधीच पूर्ण विमा घ्यायचा नाही, तर बोनसची फिकीरच नको. थर्ड पार्टी ठेवा, बाकी सोडा.

गाडीवर कर्ज असेल तर हा सगळा विचार बाजूला. कर्जाच्या करारात पूर्ण विम्याची अट असते, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेपर्यंत ती पाळावी लागते.

आणखी एक. उभ्या गाडीला अपघाताचा धोका कमी, पण पाण्याचा, उंदरांचा आणि चोराचा नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. थर्ड पार्टीवर अशा नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. तळघरातलं पार्किंग, नदी-नाल्याची कड, मुंबईतला सखल भाग, यापैकी काही असेल तर चार हजारांसाठी ओन डॅमेज सोडू नये.

काढून न टाकता प्रीमियम उतरवण्याच्या जागा

आधी पॉलिसीच्या तक्त्यातली मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची ओळ बघा. हे १५ लाखांचं कव्हर माणसाला असतं, गाडीला नाही. दुसऱ्या गाडीवर किंवा स्कूटरवर ते आधीच घेतलं असेल, किंवा स्वतंत्र अपघात विमा किमान तेवढ्या रकमेचा असेल, तर इथं पुन्हा पैसे भरू नका. तसं घोषणापत्र दिलं की ओळ निघते. मालकाकडं चालू लायसन्स नसेल तर हे कव्हर लागूच पडत नाही. गाडी वडिलांच्या नावावर, त्यांचं लायसन्स केव्हाच संपलेलं आणि हप्त्यात ही रक्कम मात्र दरवर्षी, हे घरोघरी सापडतं.

मग ॲड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीवर जादा पैसे भरून घेतलेली कव्हरं. टायर, चावी, कन्झ्युमेबल्स, रिटर्न टू इन्व्हॉइस हे उभ्या गाडीला बिनकामाचे. रोडसाइड असिस्टन्स स्वस्त असतो आणि महिनाभर न हललेल्या गाडीची बॅटरी हमखास उतरते, म्हणून तो ठेवावा. पाण्याची भीती असेल तर इंजिन प्रोटेक्टही ठेवा: पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघितली आणि इंजिन अडकलं, तर तो खर्च साध्या पॉलिसीत नाकारला जातो. अशी गाडी स्टार्टर न मारता टोच्यानंच गॅरेजला न्यायची.

ऐच्छिक वजावट म्हणजे क्लेममधली पहिली अमुक रक्कम आपण सोसायची. जुन्या मोटार टॅरिफमधल्या (सगळ्या कंपन्यांना लागू असलेल्या दर-नियमांच्या पुस्तकातल्या) पायऱ्या अशा होत्या: २,५०० रुपयांना ओन डॅमेजवर २० टक्के सूट पण ७५० पर्यंतच, ५,००० ला २५ टक्के पण १,५०० पर्यंत, १५,००० ला ३५ टक्के पण २,५०० पर्यंत. आता कंपन्या आपापले आकडे लावतात, पण अंदाजाला हे पुरेत. छोट्या गाडीला १५,०००ची वजावट घेऊ नये. तिचे बहुतेक क्लेम त्या रकमेच्या आतच बसतात.

खरा उपयोगाचा पर्याय म्हणजे किलोमीटरवर आधारलेलं पे ॲज यू ड्राइव्ह. जुलै २०२२ पासून विमा नियामक आयआरडीएआयनं ते ओन डॅमेजवर ॲड-ऑन म्हणून द्यायला परवानगी दिली आहे. वर्षाला २,५०० किंवा ५,००० किलोमीटरचा टप्पा निवडायचा, सुरुवातीला ओडोमीटरचा फोटो द्यायचा. बोनस चालू राहतो, हा याचा मोठा फायदा. घोटाळा होतो तो एकाच ठिकाणी: दिवाळीत गाडी कोकणात जाते, टप्पा ओलांडला जातो आणि मालकाच्या ते लक्षात येत नाही. त्यानंतर ओन डॅमेजचं काय होतं, पूर्ण बंद की कपातीसह चालू, हे कंपनीगणिक बदलतं. कलम वाचा, आणि वाढीव किलोमीटर आधीच विकत घ्या. थर्ड पार्टीला किलोमीटरची मर्यादा लागत नाही.

वर्ष-दोन वर्षांसाठी परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी: गाडी ‘लेड-अप’ जाहीर करण्याची सोय. टॅरिफमधलं हे आयएमटी ११ नावाचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी. गाडी सलग किमान दोन महिने गॅरेजमध्ये बंद राहणार असेल तर त्या काळापुरतं बरंचसं कव्हर स्थगित होतं, आग-चोरीसारखे धोके राहतात, आणि मोबदल्यात पुढच्या हप्त्यात सूट किंवा मुदतवाढ मिळते. थर्ड पार्टीही स्थगित होते, म्हणून त्या काळात गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, चावी शेजाऱ्यांकडं ठेवायची नाही. ऑनलाइन पोर्टलवर हे बटण सहसा सापडत नाही. शाखेला लेखी अर्ज करावा लागतो, आणि काउंटरवरच्या माणसाला या एंडोर्समेंटचं नाव सांगावं लागण्याची तयारी ठेवा. बंद ठेवलेल्या गाडीचा बोनस मुदत संपल्यापासून तीन वर्षं जपण्याची तरतूदही टॅरिफमध्ये आहे. ती मानणार का, हे कंपनीकडून मुदत संपण्याआधी ईमेलवर घ्या. तोंडी होकार धरू नका, नाहीतर ९० दिवसांचा नियम लावून मोकळे होतात.

पॉलिसी पूर्ण रद्द कधी आणि कशी

गाडी विकली, भंगारात दिली, किंवा चुकून एकाच गाडीवर दोन पॉलिसी झाल्या, एवढ्याच वेळी. क्रम मात्र सांभाळा. विक्रीत आधी आरसी नव्या मालकाच्या नावावर, मग विम्याचं काम. नाव बदलायला चालू विमा लागतो, त्यामुळं आधीच रद्द केलात तर आरटीओत फाइल अडते. शिवाय आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत अपघाताची नोटीस तुमच्याच दारात येते. भंगारात देताना नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचं प्रमाणपत्र आणि आरसी रद्द झाल्याची नोंद हातात येऊ द्या.

विक्रीनंतर नो क्लेम बोनसचं प्रमाणपत्र आठवणीनं मागा. बोनस मालकाचा असतो. नव्या गाडीवर तो तीन वर्षांत वापरता येतो. हे न मागता पॉलिसी खरेदीदाराला देऊन मोकळे होणारे खूप.

रद्द करायचा अर्ज कंपनीच्या ईमेलवर करा, एजंटला व्हॉट्सॲप करून नव्हे. पॉलिसी क्रमांक, गाडी क्रमांक, कोणत्या तारखेपासून रद्द करायची ते, नव्या आरसीची किंवा स्क्रॅपिंग प्रमाणपत्राची किंवा दुसऱ्या पॉलिसीची प्रत, आणि रद्द केलेला चेक. आयआरडीएआयच्या जून २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीत क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत मिळतात. सहा महिने उरले असतील तर साधारण निम्मे. क्लेम झालेला असेल तर परताव्याची आशा सोडा.

ओन डॅमेज सोडून पुन्हा सुरू करताना गाडीची तपासणी होते, बहुधा मोबाइलवर व्हिडिओ काढून. त्याआधी गाडी धुवा, बॅटरी चार्ज करून इंजिन चालू होतं ते पाहा, आणि चेसिस क्रमांक स्वच्छ पुसून ठेवा. जुने ओरखडे तपासणीत नोंदले जातात आणि पुढच्या क्लेममधून वगळले जातात, म्हणून मोठं डेंटिंग आधी उरकलेलं बरं. तपासणी मंजूर होऊन पॉलिसीची प्रत ईमेलवर येईपर्यंत ओन डॅमेज लागू झालेलं नसतं. पैसे भरल्याच्या पावतीवर गाडी गावाला काढू नका.