शाळेतल्या खेळाडू मित्राच्या नावानं स्मृतिचषक भरवताना

दहावीच्या बॅचमधला कबड्डीपटू मित्र ऐन तारुण्यात गेला की बॅचच्या ग्रुपवर ‘त्याच्या नावानं चषक भरवू’ असं लगेच ठरतं. भावना खरी असते, म्हणूनच घाई होते. पहिल्या वर्षी प्रकाशझोतातले सामने, एकवीस हजारांचं बक्षीस, गावभर फ्लेक्स. तिसऱ्या वर्षी वर्गणी जमत नाही आणि चषक बंद पडतो. त्याच्या आईवडिलांना ते बंद पडणं फार लागतं. त्यामुळे दहा वर्षं झेपेल एवढंच पहिल्या वर्षी करा.

आधी घरच्यांना विचारा. दिवसकार्य आटोपल्यावर दोघांनीच जावं, अख्ख्या बॅचनं नाही. ‘काकू, शाळेत त्याच्या नावानं सामने ठेवावेत असं मनात आहे. तुम्हाला नको वाटलं तर नाही करणार,’ एवढं पुरे. उत्तर तिथल्या तिथे मागू नका. पुण्यतिथीला घरात श्राद्धाची गडबड असते, म्हणून वाढदिवस किंवा शाळेच्या क्रीडा सप्ताहातला दिवस बरा. नावाआधी कै. लावायचं, स्व. की बौद्ध घरात लिहितात तसं कालकथित, हेही त्यांनाच विचारा. मृत्यूचं कारण ना फलकावर, ना निवेदनात. आत्महत्या असेल तर ती कशी झाली यावर एक शब्दही नको आणि ‘सुटला बिचारा’ हे तर मुळीच नको. समोर शाळेतली मुलं बसलेली असतात. टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मात्र मैदानावर ठळक लावा.

जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमधून घ्या, कामगिरी प्रमाणपत्रांवरून. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि आठवणीत विभागाचं हमखास राज्य होतं. जुन्या संघसोबत्यांना ते खटकतं. ‘हरहुन्नरी, मनमिळाऊ’ लिहिण्यापेक्षा ‘डावा कोपरा सांभाळायचा, घोट्याची पकड सहसा सुटत नसे’ असं लिहा. ते वाचून त्याला ओळखणाऱ्यांना तोच दिसतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो फ्लेक्सवर मोठा केला की धूसर दिसतो. मूळ फोटो ३०० डीपीआयला स्कॅन करा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ प्रत त्याच दिवशी घरी परत द्या. कदाचित त्यांच्याकडे तो एकच असेल.

स्पर्धा एका दिवसाची, आठ संघांची ठेवा. बाद पद्धतीत सात सामने होतात. १५-५-१५ मिनिटांचा सामना (पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती) आणि दोन सामन्यांमधली दहा मिनिटं धरली तर सव्वापाच तास लागतात. सकाळी आठला सुरू केलं तरी जेवण धरून तीनपर्यंत बक्षीस समारंभ उरकतो. वेळ खातात ती भाषणं. उद्घाटनाला मुख्याध्यापक आणि एक जुना संघसोबती, बस्स.

मैदान पुरुषांसाठी १३ × १० मीटर, महिलांसाठी १२ × ८. टेपनं चारही बाजू मोजून भागत नाही, कर्णही मोजा: पुरुषांच्या मैदानाचा १६.४० मीटर, महिलांच्या मैदानाचा १४.४२. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर मैदान तिरकं आहे आणि दोन्ही बाजूंच्या राखीव पट्ट्यावरून (लॉबी) दिवसभर वाद होतील. खडे वेचून चाळलेली माती पसरा, आदल्या संध्याकाळी पाणी मारा, सकाळी रोलर फिरवा. माती कोरडी राहिली तर गुडघे सोलतात, सकाळी पाणी मारलं तर पाय घसरतात. रेषांना चुन्याची फक्की नको. पकडीत चेहरा जमिनीला लागतो आणि चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. खडूची पावडर वापरा.

मैदानाच्या कडेला बर्फ, क्रेप बँडेज आणि १०८ ला फोन करणारा एक ठरलेला माणूस हवा. खेळाडू अचानक कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, अशा वेळी कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं यात जीव जातो. १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध दाब सुरू करा: मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. तुमचा मित्र हृदय बंद पडून गेला असेल आणि घरच्यांची हरकत नसेल, तर मधल्या सुट्टीत याचं प्रात्यक्षिक ठेवा. आमच्या मते चषकापेक्षा ते मोलाचं.

पैसा एका मित्राच्या खात्यात ठेवू नका. तो नोकरीनिमित्त गाव सोडतो आणि हिशोब अडकतो. शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे ठेव करा. ६०,००० रुपयांवर सहा टक्के धरले तर वर्षाला ३,६०० रुपये व्याज येतं. त्यात एका खेळाडूचे बूट आणि जिल्ह्याला जायचं भाडं सुटतं. करंडक कपाटात जातो, बूट पायात. पावतीवर ‘कायम निधी’ असं लिहून घ्या, नाहीतर रक्कम सर्वसाधारण देणगीत जमा होऊन खर्ची पडते. सोबतच्या पत्रात मूळ रक्कम मोडायची नाही, बक्षीस कुणाला आणि निवड कोण करणार, हे तिन्ही मुद्दे हवेत. निवड क्रीडाशिक्षकांवर सोडा, बॅचनं त्यात पडू नये.

पत्राची पोच घेतलेली प्रत जपा. मुख्याध्यापक बदलले की नव्यांना या ठेवीचा पत्ताच नसतो. दरवर्षी समारंभाआधी महिनाभर ती प्रत घेऊन शाळेत जा, व्याज जमा झालंय का पाहा आणि बक्षीस कुणाला ठरलं ते त्याच्या घरी कळवा.