यूजनेटवरच्या जुन्या पोस्ट वाचायच्या कशा

यूजनेट म्हणजे विषयवार चर्चागटांचं जुनं जाळं; त्यातल्या पोस्ट एका यंत्रावरून दुसऱ्यावर फिरायच्या. तिथली जुनी पोस्ट उघडलीत की लगेच मजकुराकडे वळू नका. आधी वरच्या आठ-दहा ओळी वाचा. आम्ही त्यांना हेडर म्हणायचो. अर्धी हकिकत तिथेच असते.

हे सविस्तर लिहायचं कारण माझी भाची. परदेशातल्या मराठी माणसांनी नव्वदच्या दशकात नेटवर काय लिहिलं, यावर ती काम करते आहे. परवा पोस्टचा गठ्ठा छापून घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, ही माणसं एवढी ओरडतात कशाला गं? मधेच मोठी अक्षरं, पुन्हा लहान." कुणीही ओरडत नव्हतं. ती मराठी लिहायची पद्धत होती. त्याकडे पुढे येतेच. पण रीतभात ठाऊक नसली की माणसांविषयी किती चुकीचं मत होतं, हे त्या दिवशी जाणवलं.

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: यूजनेटचं एकच असं मध्यवर्ती यंत्र नव्हतं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली आणि १९८० मध्ये ती चालू झाली. एका विद्यापीठाचं यंत्र रात्री दुसऱ्याला फोन लावायचं, नव्या पोस्ट द्यायचं-घ्यायचं, आणि दुसरं तिसऱ्याला. फोनचं बिल कुणाला तरी भरावं लागायचं. डिस्क लहान, म्हणून जुन्या पोस्ट काही दिवसांत पुसल्या जायच्या. पुढे वेगवान जाळं आलं तरी काटकसरीची सवय राहिली, आणि बऱ्याचशा रीती तिच्यातूनच आल्या.

तरीही एवढं शिल्लक राहिलं ते जपणाऱ्यांमुळे. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ मधल्या पोस्ट चुंबकीय फितींवर उतरवून ठेवल्या, म्हणून तो काळ आज वाचता येतो. १९९५ पासून डेजा न्यूज या संकेतस्थळानं साठवण सुरू केली, २००१ मध्ये ती गूगलनं घेतली. गूगल ग्रुप्सवर २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटच्या नव्या पोस्ट येणं थांबलं, पण जुन्या शोधता येतात. इंटरनेट अर्काइव्हवरही गटवार फायली आहेत. त्या साध्या मजकुराच्या आहेत, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतात.

आता हेडर. 'न्यूजग्रुप्स' या ओळीत गटाचं नाव असतं, आणि ते पत्त्याच्या उलट वाचायचं: मोठं आधी, लहान नंतर. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी म्हणजे समाज, त्यात संस्कृती, त्यात भारतीय, त्यात मराठी. सुरुवातीला कॉम्प, सॉक, रेक, साय, टॉक, मिस्क किंवा न्यूज असेल तर तो गट रीतसर मतदान होऊन निघालेला असण्याची शक्यता मोठी. आधी चर्चेचा मसुदा, मग मतदान. विरोधापेक्षा शंभर मतं जास्त लागायची आणि एकूण मतांत दोन तृतीयांश होकार. मतदारांची यादी नावानिशी जाहीर व्हायची. 'ऑल्ट'नं सुरू होणाऱ्या गटांना हे बंधन नव्हतं.

त्याच ओळीत स्वल्पविरामानं जोडलेली तीन-चार नावं दिसली तर ती क्रॉसपोस्ट. ही वाईट गोष्ट नव्हे. पोस्ट एकच असते, तिचा मेसेज-आयडी, म्हणजे पोस्टची ओळखखूण, एकच असतो, त्यामुळे एका गटात वाचली की चांगला न्यूजरीडर (पोस्ट वाचायचा प्रोग्रॅम) ती दुसऱ्या गटात पुन्हा दाखवत नसे. लोक खवळायचे ते हीच पोस्ट प्रत्येक गटात सुटी सुटी टाकली की. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डाची जाहिरात हजारो गटांत तशीच टाकली. तिच्यावर उसळलेला संताप वाचताना हा फरक ध्यानात असू द्या.

'फॉलोअप-टू' या ओळीत उत्तर कुठे जावं ते असतं. तिथे 'पोस्टर' असेल तर अर्थ असा, की उत्तर गटात नको, मला मेलनं पाठवा. अशा प्रश्नाखाली उत्तरं दिसली नाहीत म्हणून कुणी दखलच घेतली नाही असं समजू नका. आठवड्याभरानं विचारणाऱ्यानं स्वतः टाकलेली पोस्ट शोधा, विषयात 'समरी' म्हणजे सारांश हा शब्द असेल. मेलनं आलेली वीस उत्तरं निवडून, एकत्र करून, कुणी काय सांगितलं ते नोंदवून गटाला परत द्यायची, अशी ती रीत होती. मला ती सगळ्यांत जास्त आवडते. घेतलंस ना, मग मांडून ठेव.

मजकुराच्या डाव्या कडेला > अशी खूण असलेल्या ओळी दुसऱ्याच्या. दोन खुणा असतील तर दुसऱ्यानं तिसऱ्याच्या उचललेल्या. उत्तर त्या ओळींच्या खाली लिहायचं आणि ज्याला उत्तर देतोय तेवढंच ठेवून बाकीचं छाटायचं. हे मी कसं शिकले ते सांगते.

ऑगस्ट १९९३ मध्ये मी शिकायला अमेरिकेत गेले. रात्री प्रयोगशाळा रिकामी झाली की टर्मिनलवर बसून वाचायचे. एका गृहस्थांनी हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांची नव्वद ओळींची यादी दिली होती. मी ती सगळी उचलली आणि खाली एकच ओळ लिहिली: मलाही प्रत हवी. पाठवताना पडद्यावर सूचना आली, की हा मजकूर हजारो यंत्रांवर जाणार आहे, त्याला शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च येईल, नक्की पाठवायचा आहे ना? मी हो म्हटलं. तर यंत्रानं तो परत केला: स्वतःच्या ओळींपेक्षा उचललेल्या जास्त आहेत. मग मी खाली नुसतीच अक्षरं टाकून ओळी भरल्या. गेली पोस्ट. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी बाईंचं मेल आलं. रागाचा शब्द नव्हता. त्यांनी माझीच पोस्ट मला छाटून दाखवली होती, यादीतल्या दोन ओळी आणि खाली माझी एक, आणि लिहिलं होतं, की असा प्रश्न सरळ त्या गृहस्थांनाच मेलनं विचारावा. तेव्हापासून आजतागायत मी पूर्ण पत्र खाली लटकवून कुणाला उत्तर दिलेलं नाही. पोस्ट पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव इन्यूज. जुन्या पोस्टच्या तळाशी 'इन्यूज फॉडर' अशा निरर्थक ओळी दिसल्या तर त्या याच नियमाला चारलेला चारा आहे, हे ओळखा.

त्या वर्षीच्या सप्टेंबराला पुढे 'न संपलेला सप्टेंबर' नाव पडलं. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी यायचे, महिनाभर चुका करायचे, जुने शिकवायचे, गाडी रुळावर यायची. १९९३ नंतर व्यापारी सेवांमधून नव्यांचा लोंढा सुरू झाला तो थांबलाच नाही. जुन्या मंडळींच्या बोलण्यातला कडवटपणा वाचाल तेव्हा शिकवून थकलेल्या माणसांचा आवाज ऐका.

बाकी शब्द थोडक्यात. लर्कर म्हणजे नुसता वाचणारा, आणि ही शिवी नव्हती. लिहिण्याआधी काही आठवडे वाचावं हीच अपेक्षा असे. फ्लेम म्हणजे आगपाखड. एफएक्यू म्हणजे गटानं खपून लिहिलेली, दर महिन्याच्या सुमाराला पुन्हा टाकली जाणारी प्रश्नोत्तरं. किलफाइल म्हणजे ज्यांचं लिहिणं आपल्याला दिसू नये अशांची यादी, आणि 'प्लॉंक' हा त्या यादीत कुणी पडल्याचा आवाज. 'प्लॉंक' एवढंच उत्तर असेल तर तिथे त्या दोघांचा संवाद संपला असं समजा. मजकूर अगदीच अगम्य दिसला तर तो बहुधा रॉट-१३ असतो. प्रत्येक रोमन अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं: 'ए'चं 'एन', 'बी'चं 'ओ'. पुन्हा तेरा घरं सरकवा, मूळ मजकूर हजर. चित्रपटाचा शेवट किंवा कुणाला लागेल असा विनोद असा झाकायचे, म्हणजे ज्याला हवं त्यानंच उघडावं.

आता मोठी अक्षरं. इंग्रजी मजकूर सगळा कॅपिटलमध्ये असेल तर तो ओरडाच. मराठी मजकुरात मात्र थांबा. देवनागरी पडद्यावर येत नव्हती, म्हणून रोमन लिपीत लिहायचो, आणि अनेक जण अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स या लिप्यंतराच्या प्रोग्रॅमची पद्धत वापरायचे. तिच्यात लहान 'टी' म्हणजे त, मोठा 'टी' म्हणजे ट. मोठा 'एन' म्हणजे ण, मोठा 'एल' म्हणजे ळ. 'पाती' आणि 'पाटी' यांत फरक तेवढ्या एका मोठ्या अक्षराचा. भाचीला मी एक कविता अशी मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा तिला ळ ऐकू आला. सगळेच ही पद्धत पाळत नसत, म्हणून अडलात तर डोळ्यांनी न वाचता ओठांनी वाचा.

तळाशी दोन आडव्या रेघा, त्यानंतर एक मोकळी जागा, आणि खाली सही. चार ओळींपेक्षा मोठी सही असभ्य मानली जाई. तिथे नाव, मेलचा पत्ता, कधी घरचा फोनही सापडेल. ती माणसं आज हयात असतील, कुठे तरी नोकरीला असतील. तुमच्या लेखात त्यांची नावं घालण्याआधी त्यांना विचारा. हेडरमध्ये 'एक्स-नो-अर्काइव्ह: येस' असेल तर त्यांना हे साठवून हवंच नव्हतं. ते वाचा, पण उद्धृत करू नका.

एखादी पोस्ट सापडलीच नाही तर तिच्यावरच्या उत्तराच्या हेडरमधल्या 'रेफरन्सेस' या ओळीतले मेसेज-आयडी घ्या आणि एकेक करून शोधा. तेही नसेल तर नंतरच्या उत्तरांत > च्या मागे पाहा. माझी ती नव्वद ओळींची पोस्ट भाचीनं खूप शोधली, कुठेच नाही. पण तिसऱ्याच कुणाच्या उत्तरात, दोन खुणांच्या मागे, 'मलाही प्रत हवी' ही ओळ तिला मिळाली.