तस्करीतून सुटलेल्या मुलीला यूकेत असायलम (आश्रय) मागताना साथ कशी द्यायची

यूकेत राहणाऱ्या ज्या कुणाला चॅरिटीतर्फे बेफ्रेंडर व्हायचंय, म्हणजे अशा मुलीसोबत आठवड्यातले एक-दोन तास घालवायचेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. समजा मुलगी १९ वर्षांची, नायजेरियातल्या बेनिन सिटीची, युरोपात सलूनमध्ये काम मिळेल असं सांगून लिबियामार्गे इटलीत नेलेली आणि तिथून इथे आलेली.

सगळ्यात आधी, तिला काय झालं ते विचारायचं नाही. आपल्याला वाटतं बोलली की मन मोकळं होईल, पण असायलमच्या केसमध्ये तिची हकीकत हाच तिचा मुख्य पुरावा असतो, ती स्क्रीनिंगला, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या मुलाखतीत, सांगते, मग मोठ्या इंटरव्ह्यूत, वकिलाला, डॉक्टरला, आणि होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, सगळीकडच्या तारखा एकमेकींशी ताडून बघतं. जिला कोंडून ठेवलं, मारलं, तिला तारखा धड आठवत नाहीत हो, ते खोटं बोलणं नसतं. म्हणून सपोर्ट लेटर द्यायची वेळ आली तर स्वतः पाहिलंय तेवढंच लिहा, मागून कुणी चालत आलं की बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ देते, कॉलेजचा क्लास चुकवत नाही, एवढंच. प्रवासाची तारीख घातलीत आणि ती चुकली तर तुमचंच पत्र तिला नडेल.

तिकडच्या बऱ्याच मुलींकडून निघण्याआधी जुजूची, म्हणजे तिथल्या मंत्रतंत्राच्या विधीतली, शपथ घेतलेली असते, कर्ज फेडलं नाही किंवा तोंड उघडलं तर घरच्यांचं वाईट होईल अशी. मार्च २०१८ मध्ये बेनिनच्या ओबांनी, म्हणजे तिथल्या राजांनी, या शपथा रद्द केल्याचं जाहीर केलं तरी भीती सहज जात नाही. तिला "ही अंधश्रद्धा आहे गं" असं कृपया म्हणू नका.

प्रोसेस दोन असतात आणि गोंधळ इथेच होतो. एक असायलम, दुसरी नॅशनल रेफरल मेकॅनिझम, म्हणजे तस्करीला बळी पडलेल्यांना ओळखून मदत द्यायची सरकारी व्यवस्था, सगळे एनआरएम म्हणतात, २००९ पासून आहे. एनआरएमला ती स्वतः अर्ज करू शकत नाही, पोलीस, कौन्सिल, साल्वेशन आर्मी असा कुणी फर्स्ट रिस्पॉन्डर, म्हणजे तिचं नाव पाठवायचा अधिकार असलेली संस्था, लागतो, आणि १८ च्या वरच्यांची संमती लागते. पहिला निर्णय शक्यतो ५ वर्किंग डेजमध्ये द्यायचा असतो, तो बाजूने आला की निदान ३० दिवस रिकव्हरीसाठी मिळतात, शेवटच्या निर्णयाला मात्र महिनोन्महिने जातात. तोही बाजूने लागला म्हणजे असायलम मिळालं असं नाही, पण यावरचे प्रश्न लीगल एडच्या, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणाऱ्या, वकिलाकडेच न्या. रजिस्ट्रेशन नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे गुन्हा आहे, चॅरिटीतून फुकट दिला तरी. इंटरव्ह्यूला ऑफिसर आणि इंटरप्रिटर दोघी बायकाच हव्या असतील तर तेही वकिलाकडून आधीच कळवून घ्या.

मग आपण करायचं काय? रोजची कामं, आणि ती भरपूर असतात. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घालायला सोबत जा. एका ठिकाणी रिसेप्शनवर पत्त्याचा पुरावा मागितला तशी माझ्यासोबतची मुलगी काही न बोलता दाराकडे वळली, खरं तर रजिस्टर व्हायला पत्त्याचा पुरावा किंवा आयडी दाखवावाच लागतो असा नियम नाही, हे एनएचएसच्याच गाइडन्समध्ये आहे, ते पान मोबाइलवर काढून दाखवलं तेव्हा फॉर्म मिळाला. औषधं, दात, चष्मा यांसाठी एचसी२ सर्टिफिकेट, म्हणजे या खर्चात मदत मिळवून देणारं एनएचएसचं पत्र, आहे ना बघा. एक प्लास्टिकचा फोल्डर घेऊन द्या, प्रत्येक पत्र पाकिटासकट त्यात, पाकिटावरच्या तारखेचा फोटो मोबाइलमध्ये, कारण पत्र उशिरा पोचलं हे दाखवायची वेळ येते. फोटो तिच्याच मोबाइलमध्ये हं, तुमच्या नाही. तिचा फोटो, राहायची जागा, खरं नाव कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, तस्करी करणारे शोधत असू शकतात. इंटरप्रिटर म्हणून तिच्या गावचं ओळखीचं माणूसही परस्पर आणू नका.

आणि असायलमला होकार आला की आनंदात आठवडा घालवू नका, सरकारी जागा काही आठवड्यांतच सोडावी लागते. ई-व्हिसाचं अकाउंट, युनिव्हर्सल क्रेडिट (सरकारी भत्ता), बँक खातं, कौन्सिलच्या होमलेसनेस टीमला फोन, हे सगळं पत्र हातात पडल्यावर लगेच सुरू करा, सपोर्ट वर्करला सोबत घेऊन.